अपघातानंतरचा पुरावा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जळगाव येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वधूवर-परिचय असा मंगल कार्यक्रम चालू असता आम्ही अपघातासारखा विषय निवडला, याबद्दल प्रथमच आपली क्षमा मागतो. कार्यकारी मंडळाने आम्हांस 'शिक्षण आणि संस्कार' या विषयावर बोलण्याची सूचना केली होती. परंतु गतवर्षीच्या स्मरणिकेतील श्रद्धांजलीचे पान आम्ही उघडले आणि विचार बदलला. पिकले पान गळावे तसे वार्धक्याने गेलेल्यांच्या नावांशेजारी ऐन तारुण्यात रस्त्यावर गेलेल्यांची नावे त्या पानावर होती. ती वाचून आम्हांस वाटले की, संस्कारांविषयी पुढील वर्षीही बोलता येईल. हे मात्र आजच बोलले पाहिजे.

आम्ही वकील नव्हे, पोलीस अधिकारी नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा देऊन ज्यांनी प्राथमिक शाळेत खडू हाती धरला, अशा शेवटच्या पिढीतले आम्ही एक शिक्षक. तेव्हा जे सांगावयाचे ते स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे. आणि कायद्याचा जो भाग येईल तो जाणकारांकडून समजावून घेऊन, पडताळून आणलेला आहे.

आपला खान्देश हा रस्त्यांच्या चौफुल्यावर वसलेला प्रदेश आहे. मुंबई-आग्रा मार्ग आणि सुरतेहून नागपुराकडे जाणारा मार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. दुसरा मार्ग पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. त्याला आपण अद्याप 'सहा नंबर' म्हणतो. सरकारदरबारी त्याचा क्रमांक आता ५३ झाला आहे. आपला कापूस, आपली केळी याच रस्त्याने बाहेर जातात. आपली मुलेही याच रस्त्याने कॉलेजास जातात. ज्या रस्त्याने लक्ष्मी घरी येते त्याच रस्त्याने कधीकधी काळही येतो.

तो आमच्या घरी १९९६ सालच्या डिसेंबरात आला. आमचे धाकटे बंधू एका जिनिंगवर मुनीम होते. वसुलीसाठी धुळ्यास गेले होते; दिवेलागणीनंतर मोटारसायकलीने परतत असता पारोळ्याच्या अलीकडे मागून येणाऱ्या मालमोटारीने त्यांना उडविले. मालमोटार थांबली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि सर्व संपले होते. वय अवघे एकतीस. मागे पत्नी, दोन लेकरे आणि आमची वृद्ध आई.

रस्त्याच्या कडेस एक चहाची टपरी होती. तेथील पोऱ्याने मालमोटारीचा नंबर पाहिला होता आणि शहाण्यासारखे करून तो टपरीच्या पत्र्यावर कोळशाने लिहून ठेवला होता. त्याने आमचा हात धरून तो आम्हांस दाखविला. गॅसबत्तीच्या उजेडात आम्ही तो वाचला. आमच्या खिशाला पेन होते, कारण पेनावाचून आम्ही कधी घराबाहेर पडलो नाही. तरीही आम्ही तो नंबर लिहून घेतला नाही. मन ठिकाणावर नव्हते, हे खरे. परंतु त्याहून खरे हे की, 'लिहून ठेवण्याचे काम पोलिसांचे, आपण आता माती सावडावी' असे आम्हांस वाटले. फिर्याद आमच्या एका काकांनी दिली. ते घटनास्थळी गेलेच नव्हते. तिच्यात 'अज्ञात वाहन' असे पडले. दहावे-तेरावे आटोपून आम्ही पुन्हा त्या टपरीवर गेलो, तो पत्रा धुऊन रंगविलेला. पोऱ्या काम सोडून आपल्या गावी निघून गेलेला. आमच्या ध्यानात राहिले ते इतकेच, की आरंभी एमएच-१८ किंवा एमएच-१९, आणि शेवटी ४७ किंवा ७४. अंक उलटे लिहिणाऱ्या मुलांना आम्ही जन्मभर उठाबशा काढावयास लावल्या. आणि सख्ख्या भावाच्या वेळी आम्हीच ४७ आणि ७४ यांत अडकलो.

वाहन सापडले नाही. पळून गेलेल्या वाहनाने मृत्यू घडविल्यास त्या काळी कायद्याने २५,००० रुपये मिळत. तेवढेच आमच्या भावजयीच्या पदरात पडले. ती आज या सभागृहात बसलेली आहे आणि तिच्या अनुमतीनेच आम्ही हे सांगत आहोत.

बंधुभगिनींनो, त्या दिवसापासून आमच्या मनात एक गोष्ट कोरली गेली आहे. अपघातात माणूस जातो तो एका क्षणात; परंतु सत्य जाते ते हळूहळू, तासातासाने. टायरच्या खुणा पुढच्या गाड्या पुसून टाकतात, काचा झाडल्या जातात, कॅमेऱ्यातील चित्रावर नवे चित्र चढते, रक्तातील मद्य उतरते, साक्षीदार आपल्या वाटेने निघून जातो. दुःख वर्षभर थांबते. पुरावा तेरा दिवसही थांबत नाही. म्हणून पुरावा जपणे हे व्यवहारी किंवा लोभी माणसाचे काम नसून, मागे राहिलेल्यांप्रती असलेले ते पहिले कर्तव्य आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, इतक्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले असता कागदाची काय गरज? याचे उत्तर फार जुने आहे. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडन येथे क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची ४४ वर्षांची स्त्री मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीने पादचारी मेल्याची ब्रिटनमधील ती पहिली नोंद. चौकशीत चालकाने आपला वेग ताशी ४ मैल सांगितला. पाहणाऱ्यांनी तो कितीतरी अधिक सांगितला. शेवटी पंचांनी अपघाती मृत्यू असा निर्णय दिला. सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते, परंतु कोणीही मोजले नव्हते.

पुढे १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीचे चित्रपट दाखविले आणि वेग विचारला. ज्यांना 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' असे विचारले त्यांनी सरासरी सुमारे ४१ मैल सांगितला. ज्यांना 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' असे साध्या शब्दांत विचारले त्यांनी ३४. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्यानंतर 'फुटलेल्या काचा पाहिल्या का?' असे विचारले, तेव्हा पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर दिलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'होय' म्हटले. साध्या प्रश्नाच्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रपटात फुटकी काच मुळी नव्हतीच! माणूस खोटे बोलतो असे नव्हे. त्याची आठवण प्रश्नाच्या साच्यात ओतली जाते. म्हणून साक्षीदारास कधी असे विचारू नये, की 'ट्रकवाला भन्नाट वेगात होता ना?' त्याला एवढेच म्हणावे, 'बाबा, तू कोठे उभा होतास आणि काय पाहिलेस, ते सांग.' जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवावे. त्याचे नाव, गाव व फोन नंबर टिपावा.

आता आपल्याच भागातील तीन प्रसंग आठवा. प्रत्येक प्रसंगाने पुराव्याचा एकेक धडा दिला आहे.

पहिला प्रसंग ४ जुलै २०२३ चा. शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे, मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा कंटेनर ताबा सुटून इतर वाहनांना ठोकरीत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान दहा जणांचे प्राण गेले. ब्रेक निकामी झाले, असे तेव्हा सांगण्यात आले. ब्रेक खरोखर निकामी होते काय आणि होते तर कोणाच्या हयगयीमुळे, हे कोणाच्या आठवणीवरून ठरत नाही; परिवहन खात्याचा मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो, त्यावरून ठरते. म्हणून तपासणी होईपर्यंत गाडी दुरुस्त होता कामा नये आणि संतापाच्या भरात जमावाने ती पेटविता तर मुळीच कामा नये. जाळलेल्या गाडीबरोबर मृतांचा पुरावाच जळतो, आणि त्याचा लाभ नेमका दोषी माणसाला होतो. चालकास मारहाण करणे हाही तसाच आत्मघात आहे.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २०२१ मधील. यावल तालुक्यात किनगावाजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटून पंधरा मजूर दगावले; त्यांतील बहुतेक रावेर तालुक्यातले. मालाच्या गाडीवर बसलेला माणूस दगावला की विमा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, तो तेथे कोणत्या नात्याने बसला होता? फुकटचा प्रवासी म्हणून बसला असेल तर मालवाहू गाडीचा विमा त्याला लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निर्णय आहे. माल भरणारा-उतरविणारा गाडीमालकाचा कामगार असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे त्या घरची चूल पेटती राहणार की नाही, हे मुकादमाच्या वहीतील एका ओळीवर अवलंबून राहू शकते. मजुरीची चिठ्ठी, हजेरी, उचल दिल्याची नोंद, फोनवरचा निरोप, यांतले काहीही क्षुल्लक मानू नका.

तिसरा प्रसंग येथून जवळचाच. ७ मे २०२४ रोजी जळगाव तालुक्यातील रामदेववाडीजवळ मोटारीच्या धडकेने चौघांचा अंत झाला. मोटारीतील तरुणांना अटक झाली ती दोन आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. परंतु अशा प्रसंगी दोन प्रश्नांना मोल असते : चाकामागे कोण बसले होते, आणि त्याच्या रक्ताचा नमुना केव्हा घेतला. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असणे हा चालकाचा अपराध आहे. आणि शरीर ते मद्य दर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने पचवून टाकते. रात्रीचा अपराध सकाळी रक्तात उरेलच असे नाही. त्याच महिन्यात पुण्यास कल्याणीनगर येथे दोन तरुण अभियंते मोटारीखाली मेले. त्या प्रकरणी तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांनाही अटक केली. म्हणून चालक पकडला गेला असेल तर 'याची वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी तत्काळ करावी' असा लेखी अर्ज त्याच रात्री पोलीस ठाण्यात द्यावा व त्याची पोच घ्यावी.

आता प्रत्यक्ष काय करावे? प्रथम जीव, मग पुरावा. हा क्रम कधी उलटा होऊ नये. १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस यांना बोलवा. 'उगाच पोलिसांचे लचांड नको' या भीतीने पुष्कळ सज्जन पुढे होत नाहीत. ती भीती आता निराधार आहे. जखमीस मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती नाही, त्याला रुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या नियमांना मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची योजनाही लागू झाली आहे.

जखमींची सोय लागली की एका माणसाने, घरातल्या रडणाऱ्या माणसाने नव्हे, तर शेजाऱ्याने वा मित्राने, पुराव्याचे काम अंगावर घ्यावे. प्रथम वाहनांचे नंबर कागदावर लिहावेत. मग गाड्या हलविण्यापूर्वी चारही दिशांनी छायाचित्रे घ्यावीत. जवळून घेतलेल्या छायाचित्रात चेपलेला पत्रा दिसतो, पण जागा कळत नाही. म्हणून काही छायाचित्रे लांबून घ्यावीत, ज्यांत मैलाचा दगड, विजेचा खांब, दुभाजक असे काहीतरी न हलणारे दिसेल. टायरच्या खुणा, काचा, सांडलेले तेल कोठपर्यंत आहे ते पावलांनी मोजून लिहावे. ही छायाचित्रे केवळ व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ प्रत पुसू नये. पुढे पाठविताना चित्र बारीक होते आणि त्यात दडलेली वेळेची व ठिकाणाची नोंद गळून पडते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ज्या फोनने चित्र काढले तो फोन व मूळ चित्र जपले असेल, तर ते काम सोपे होते.

जवळचा पेट्रोलपंप, ढाबा, टोलनाका, जिनिंगचे फाटक, जेथे कॅमेरा असेल तेथे दुसऱ्याच दिवशी जावे. पुष्कळ यंत्रांत काही दिवसांतच जुने चित्रण आपोआप पुसले जाते. मालकास नम्रपणे विनंती करावी आणि 'अमुक वेळेचे चित्रण ताब्यात घ्यावे' असा अर्ज पोलिसांनाही द्यावा. आमच्या टपरीवरचा पत्रा रंगविला गेला, तसे हेही पत्रेच आहेत.

पोलीस ठाण्यात फिर्याद शक्यतो त्याने द्यावी ज्याने स्वतः पाहिले. ऐकीव माणसाने दिली, तर 'मला अमुकाने सांगितले' असे स्पष्ट लिहावे. लिहिलेले वाचल्यावाचून सही करू नये. फिर्यादीची प्रत मोफत मिळणे हा हक्क आहे. घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जखमांचे प्रमाणपत्र, औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीची पावती, हे सर्व एका पिशवीत ठेवावे. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात-अहवाल ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो गेला की नाही हे विचारण्यात उर्मटपणा नाही.

भरपाईचा दावा अपघात घडला तेथेच लावावा लागतो असे नाही. दावेदार राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही लावता येतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेविषयी सर्वोच्च न्यायालयात वाद गेला असून, केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरीही शहाण्याने सहा महिने हीच मुदत मानून चालावे. या दाव्यात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. कोणती हकीगत अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूबद्दल आज २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात. आणि वकिलाची ऐपत नाही असे कोणा भगिनीने म्हणू नये; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत साहाय्य मिळते. कोऱ्या कागदावर मात्र कोणालाही सही देऊ नका. आणि स्मशानातून परतताच हातावर रोख रक्कम ठेवून 'मिटवून टाका' म्हणणाऱ्याला दाराबाहेरूनच नमस्कार करा.

हा झाला रस्त्यावरचा पुरावा. दुसरा पुरावा आपल्या घरातल्या फळीवर असतो आणि त्याकडे आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. भरपाई कशी मोजतात ते शाळेच्या गणितासारखे सांगतो. ३४ वर्षांचा एक मनुष्य, स्वतःचा छोटा धंदा, महिना मिळकत १५,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले व आई. वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आत असल्याने भावी वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाता १,८९,०००. या वयाला गुणक १६. उत्तर ३०,२४,०००. आता तोच मनुष्य, परंतु मिळकतीचा कागद नाही, म्हणून न्यायाधिकरणाने महिना ६,०००च धरले असे समजा. उत्तर येते १२,०९,६००. दोन्ही उत्तरांतील फरक १८,१४,४००. मनुष्य तोच, दुःख तेच; अठरा लाखांची तूट केवळ कागदाची. तेव्हा बाजार समितीची हिशेबपट्टी, दूध संघाची बिले, सातबारा, बँकेचे पासबुक, प्राप्तिकराचे विवरण हे जपून ठेवा. गृहिणींनीही आपणांस कमी लेखू नये. त्यांच्या घरकामाचे मोल धरून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे.

गुणक वयावर ठरतो आणि वय शाळेच्या दाखल्यावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात-दाव्यात आधार कार्डावरील तारीख बाजूस ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख ग्राह्य धरली. ही बातमी वाचली तेव्हा आम्ही मनाशी चरकलो. आपल्यापैकी किती जणांचा जन्मदिवस १ जून आहे? हात वर करा. पाहा, निम्मे सभागृह! बंधूंनो, तुम्ही सर्व काही १ जूनला जन्मलेले नाही. आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, आणि आमच्यासारखे गुरुजी पाटी-पुस्तकाकडे पाहून १ जून लिहून मोकळे होत. वर्षही कधी अंदाजाने पडे. तो एक अंक पुढे एखाद्या विधवेच्या भाकरीचा हिशेब ठरवील, हे आम्हांस कोठे ठाऊक होते? आता आपल्या नातवंडांची नोंद जन्मली त्या तारखेचीच करा आणि सर्व कागदांवर नाव व तारीख एकसारखी आहे ना, हे पाहून घ्या.

आता एक अवघड गोष्ट. तीही आमच्याच घरची. १९९७ साली एक हुशार गृहस्थ आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, ट्रक सापडत नाही ना? मग टेम्पो उभा करू. विमा चालू आहे, ड्रायव्हर कबूल होईल, किरकोळ दंड भरेल. दोन साक्षीदार आपल्याच समाजातले घेऊ. मिळेल त्यातले निम्मे तुमचे." आम्ही त्यांना तत्काळ हाकलले, असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. परंतु खरे हे की, दोन रात्री आमचे मन डळमळले. लेकरांचे तोंड पाहून वाटे, लुटला गेलेला तो आपला हक्कच नव्हे काय? आमची भावजय जेठाच्या पुढे कधी बोलत नसे. तिने आमच्या मंडळींच्या तोंडून निरोप पाठविला. आपल्या अहिराणीत म्हणाली, "मना पोरेसना पोटमा खोटा पैसा नको." एवढेच. आम्ही शाळेत तीस-चाळीस मुलांना सत्याचे धडे देत होतो. आणि चौथी शिकलेल्या बाईने आमचा धडा घेतला. तिने शिवणयंत्रावर संसार ओढला. दोन्ही मुले शिकली, मार्गी लागली. पण बंधुभगिनींनो, तिच्या त्या वीस वर्षांच्या पाठदुखीचे कौतुक करून आम्ही सुटत नाही. कोळशाने लिहिलेला तो नंबर आम्ही कागदावर उतरविला असता, तर तिला सत्यानेच मिळाले असते.

म्हणून पुरावा गोळा करणे आणि पुरावा तयार करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे तरुणांनी ध्यानी धरावे. ज्ञातीचा म्हणून कोणासाठी न पाहिलेल्याची साक्ष देऊ नका. आणि उलट प्रसंगही येईल. गाडी आपल्या मुलाची असेल आणि रस्त्यावर पडलेला दुसऱ्याचा असेल. तेव्हा काय? कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर जखमीस औषधोपचारास नेण्याचे, पोलिसांस कळविण्याचे आणि विमा कंपनीस माहिती देण्याचे बंधन आहे. परंतु कायद्याच्याही आधी माणुसकी आहे. आपल्या मुलाला मामाच्या गावी लपविणारा बाप, आणि आमच्या बंधूंना अंधारात टाकून निघून गेलेला तो अज्ञात चालक, या दोघांत काय अंतर उरले? समाजाची प्रतिष्ठा पंक्तीत किती पाने उठली यावर नव्हे, तर अशा रात्री आपण काय करतो यावर ठरते.

शेवटी मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक गावी दोन तरुण व एक सेवानिवृत्त अशा तिघांनी अपघातप्रसंगी कागदपत्रांचे काम पाहावे. घरच्यांनी रडावे, त्यांनी लिहावे. दुसरी, मंडळाने एक लहान पुस्तिका काढून घरोघर द्यावी आणि त्यात आज सांगितलेल्या गोष्टी मोठ्या अक्षरांत छापाव्यात. जाहिरातींची दोन पाने कमी झाली तरी चालेल. तिसरी, अपघातात कर्ता पुरुष गेलेल्या घरी तेराव्याला टोपी-टॉवेलाचा आहेर नेण्याऐवजी दाव्याच्या नकला, शिक्के व येण्याजाण्याचा खर्च उचलावा. पुस्तिकेच्या छपाईसाठी आमच्या निवृत्तिवेतनातून ५,००१ रुपये आम्ही येथेच अध्यक्ष महाराजांच्या स्वाधीन करीत आहोत.

आमच्या खिशाला आजही पेन आहे. त्याच्यासोबत गेली कित्येक वर्षे एक छोटी वहीही असते. ईश्वर करो आणि त्या वहीत अपघाताचा नंबर लिहिण्याची वेळ आपणांपैकी कोणावरही न येवो. परंतु आलीच, तर हात थरथरला तरी लिहा. ४७ ला ४७ लिहा आणि ७४ ला ७४.